कायटोसानचे सूक्ष्मकण आणि सोलापूरचे डाळिंब

सोलापूर जिल्ह्यातील सांगोला, मंगळवेढे, पंढरपूर व माळशिरस या तालुक्यांत डाळिंबाने कोरडवाहू शेतीचे रूप पालटले. वर्षाकाठी पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, आणि तोही लहरी. अशा मुलखात ठिबक सिंचनाच्या आधाराने ‘भगवा’ जातीच्या बागा उभ्या राहिल्या. सोलापूरजवळ केगाव येथे २००५ साली भारतीय कृषी संशोधन परिषदेचे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र स्थापन झाले आणि २०१६ साली सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकनही लाभले. या भरभराटीला ग्रहण लावणारा रोग म्हणजे तेल्या.

तेल्या हा झान्थोमोनास वर्गातील जिवाणूमुळे होतो. भारतात त्याची पहिली नोंद १९५२ साली दिल्लीत झाली. पाने, फांद्यांची पेरे आणि फळे यांवर प्रथम पाणी मुरल्यासारखे तेलकट डाग दिसतात. पुढे ते काळपट होतात, फळावरील डाग तडकतात आणि विक्रीच्या दृष्टीने फळ निरुपयोगी ठरते. ढगाळ, दमट हवेत पावसाच्या उडणाऱ्या थेंबांबरोबर जिवाणू झाडावरून झाडावर जातो. छाटणीची कात्री आणि रोगट रोपे हीही त्याची वाहने आहेत. याच कारणास्तव पावसाळ्यातील मृग बहार टाळून हस्त बहार धरण्याकडे अनेक बागाईतदार वळले.

रोग आटोक्यात ठेवण्यासाठी बोर्डो मिश्रण, कॉपर ऑक्सिक्लोराइड आणि स्ट्रेप्टोमायसिन-टेट्रासायक्लिन ही प्रतिजैविके यांच्या फवारण्या दीर्घकाळ होत आल्या आहेत. त्यांपैकी प्रतिजैविकांचा मार्ग आता अरुंद होत चालला आहे. मानवी रोगांवर चालणारी औषधे शेतात वापरल्याने जिवाणूंना त्यांची सवय जडते, या भीतीपोटी केंद्र शासनाने डिसेंबर २०२१ मध्ये शेतीतील त्यांचा वापर थांबविण्याच्या आदेशाचा मसुदा प्रसिद्ध केला. उरते तांबे. परंतु तांबे जमिनीत साचते, ते कुजून नाहीसे होत नाही. आणि फवारणीनंतर तासाभरात सर आली तर त्यातील बराच भाग पानावरून ओघळून मातीत जातो. बागाईतदार पुन्हा फवारतो. खर्च दुप्पट, मातीतील तांबे दुप्पट, आणि पानावर मात्र औषध पुन्हा कमीच.

या अडचणीवर सुचविल्या जाणाऱ्या उपायांपैकी एक म्हणजे सक्रिय द्रव्य कायटोसान नावाच्या पदार्थाच्या अतिसूक्ष्म कणांत कोंडून ते हळूहळू सुटेल अशी योजना करणे. हे कण कसे तयार होतात, त्यांची पारख कशी करावी आणि ते कोठे फसतात, याचा विचार येथे केला आहे.

पाट आणि ठिबक

नियंत्रित विसर्ग ही कल्पना सोलापूरच्या शेतकऱ्याला समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. पाटाने पाणी दिले की पहिल्या दिवशी मुळे बुडतात आणि आठव्या दिवशी सुकतात. ठिबकने तेच पाणी थेंबाथेंबाने, लागेल तसे मिळते. साध्या फवारणीत औषधाचे पाटपाणी होते. पहिल्या काही तासांत पानावर गरजेपेक्षा अधिक मात्रा असते, पुढे ती झपाट्याने घटून परिणामकारक पातळीच्या खाली जाते. कण औषधाचे ठिबक करू पाहतात. मात्रा कमी, पण ती पातळीच्या वर अधिक दिवस टिकावी, एवढाच हेतू. २०१५ पासून देशात तयार होणाऱ्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचे आवरण देणे सक्तीचे झाले, त्यामागेही नत्र सावकाश उपलब्ध व्हावे हाच विचार होता. मात्र तेथील रासायनिक क्रिया निराळी आहे.

कवचातून आलेला पदार्थ

कोळंबी, खेकडे, कीटक यांच्या कवचांत आणि बुरशीच्या पेशीभित्तिकेत कायटिन नावाचे बहुवारिक असते. फ्रेंच शास्त्रज्ञ ब्राकोनो याने १८११ साली ते अळिंबीतून प्रथम वेगळे केले. १८५९ साली रूजे याने कायटिन तीव्र अल्कलीत उकळले असता अम्लात विरघळणारा पदार्थ मिळाला. तोच पुढे कायटोसान म्हणून ओळखला जाऊ लागला. भारतात कोची येथील केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने कोळंबीच्या टाकाऊ कवचांपासून कायटिन व कायटोसान काढण्याच्या पद्धती विकसित केल्या.

कृती थोडक्यात अशी. धुऊन वाळवलेल्या कवचांतील चुना विरल हायड्रोक्लोरिक अम्लाने काढतात, प्रथिने विरल दाहक सोड्याने काढतात. जे उरते ते कायटिन. ते चाळीस ते पन्नास टक्के दाहक सोड्याच्या द्रावणात सुमारे शंभर अंश सेल्सियसला किंवा त्याहून अधिक तापमानाला तापविले की त्याच्या साखळीवरील ॲसिटिल गट सुटे होतात व अमिनो गट मोकळे होतात. किती टक्के गट मोकळे झाले, यावर कायटोसानची प्रत ठरते. सोलापुरात ही कृती करण्याच्या भानगडीत पडू नये. कवचे किनाऱ्यावर मिळतात, दाहक सोड्याचे सांडपाणी हाताळणे जिकिरीचे असते, आणि तयार कायटोसान बाजारात मिळते. ज्यांना समुद्राकडे पाहावयाचे नसेल त्यांच्यासाठी म्यूकर व ऱ्हायझोपस यांसारख्या बुरशी आहेत. त्यांच्या पेशीभित्तिकेत कायटोसान आयतेच असते.

या पदार्थाचे सारे वैशिष्ट्य त्या मोकळ्या अमिनो गटांत आहे. द्रावणाचा सामू साडेसहाच्या बराच खाली असला की हे गट एकेक प्रोटॉन घेतात व धनभारित होतात. साखळीचे भाग एकमेकांना दूर लोटतात आणि पदार्थ विरघळतो. सामू साडेसहाच्या वर चढला की भार जातो, साखळ्या एकत्र येतात आणि साका बसतो. या एका वाक्यात कणांचा जन्म आणि मृत्यू दोन्ही आले आहेत.

कण तयार करण्याची कृती

प्रचारात असलेल्या अनेक पद्धतींपैकी महाविद्यालयीन प्रयोगशाळेला सर्वांत सोयीची पद्धत आयनी जेलीकरणाची होय. स्पेनमधील सांतियागो दे काँपोस्तेला विद्यापीठातील संशोधकांनी १९९७ साली या पद्धतीने अब्जांश मापाचे कण तयार करून दाखविले, आणि तेव्हापासून तिचा प्रसार झाला. तीत उष्णता नको, सेंद्रिय द्रावक नको, विषारी जोडद्रव्यही नको.

शंभर मिलिग्रॅम कायटोसान पन्नास मिलिलिटर एक टक्का ॲसिटिक अम्लात घालून रात्रभर ढवळत ठेवावे. दुसऱ्या दिवशी गाळून घ्यावे, कारण न विरघळलेले तुकडे राहिले तर ते पुढे मोजणीत कण म्हणून गणले जातात. विरल दाहक सोड्याने सामू ४.८ ते ५ च्या दरम्यान आणावा. वेगळ्या पात्रात सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेटचे, दर मिलिलिटरला एक मिलिग्रॅम, असे पाण्यातील द्रावण करावे. कायटोसानचे द्रावण चुंबकीय ढवळणीवर मध्यम वेगाने फिरत असता फॉस्फेटचे वीस मिलिलिटर द्रावण थेंबाथेंबाने सोडावे.

आता डोळा पात्रावर ठेवावा. फॉस्फेटचा आयन ऋणभारित असतो. तो कायटोसानच्या दोन-तीन साखळ्यांना एकदम धरतो व त्यांची गुंडी बांधतो. प्रथम द्रावण स्वच्छ दिसते. काही थेंबांनंतर त्याला निळसर दुधी झाक येते. अंधाऱ्या खोलीत बारीक प्रकाशझोत सोडला तर त्याची वाट द्रावणात स्पष्ट उमटते. कण झाल्याची ही पहिली खूण. यापुढे फॉस्फेट वाढवीत गेल्यास दुधाळपणा गढूळपणात बदलतो आणि तळाशी पांढरे कण बसू लागतात. निळसर झाक आणि गढूळपणा यांमधील पट्टा अरुंद असतो, आणि कायटोसानचा डबा बदलला की तो सरकतो. म्हणून वर दिलेली प्रमाणे सुरुवातीपुरती मानावी. प्रत्येक नव्या डब्याबरोबर हा पट्टा पुन्हा शोधावाच लागतो. चांगल्या तयारीत कणांचा व्यास साधारण शंभर ते चारशे नॅनोमीटर इतका मिळतो. तुलनेसाठी, माणसाच्या केसाची जाडी त्याच्या शेकडो पट असते.

काय कोंडावयाचे

सोलापूरच्या दृष्टीने दोन द्रव्ये विचारात घेण्याजोगी आहेत. पहिले अर्थातच तांबे. कायटोसानचे अमिनो गट तांब्याच्या आयनाला घट्ट धरतात. तयार कणांच्या द्रावणात मोरचुदाचे अतिविरल द्रावण मिसळले की ते निळसर होते. उदयपूर येथील महाराणा प्रताप कृषी व तंत्रज्ञान विद्यापीठात अशा ताम्रयुक्त कायटोसान कणांचे टोमॅटो व मका या पिकांवर प्रयोग झाले आहेत. नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील संशोधकांनी २०१२ साली खुद्द तेल्याच्या जिवाणूवर अतिसूक्ष्म तांब्याची चाचणी घेतली. प्रयोगशाळेत हे तांबे कॉपर ऑक्सिक्लोराइडच्या प्रचलित मात्रेच्या तुलनेत कितीतरी अल्प प्रमाणात परिणामकारक ठरल्याचे त्यांना आढळले. त्या कणांत कायटोसान नव्हते, आणि काचपात्रातील जिवाणू व सांगोल्याच्या बागेतील जिवाणू यांत पावसाचे, धुळीचे व उन्हाचे अंतर आहे, हे येथे विसरून चालणार नाही.

दुसरे द्रव्य डाळिंबाच्याच सालीत आहे. फळाच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग साल असते. दाणे काढणाऱ्या व रस तयार करणाऱ्या कारखान्यांत ती ढिगाने साचते. आयुर्वेदाने तिचा उपयोग अतिसारावर केला, रंगाऱ्यांनी कापड रंगविण्यासाठी केला. या दोहोंचे मूळ तिच्यातील प्युनिकॅलाजिनसारख्या टॅनिन द्रव्यांत आहे. ही द्रव्ये जिवाणूरोधक आहेत, परंतु हवा, प्रकाश व अल्कली यांत लवकर बिघडतात. त्यांना कणाचे कवच मिळाल्यास ती टिकतील, हा विचार सरळ आहे. अडचण अशी की टॅनिनांना कायटोसानची ओढ फार. सालीचा अर्क अधिक झाला तर फॉस्फेट घालण्यापूर्वीच चोथा बसतो. कणात शिरलेल्या टॅनिनाचा काही भाग पुढे सुटतच नाही. कोंडणे सोपे, सोडविणे कठीण, असा हा प्रकार आहे. म्हणून किती आत गेले याइतकेच किती बाहेर आले याला महत्त्व द्यावे.

मोजमाप

किती आत गेले हे वजाबाकीने कळते. कण सेंट्रिफ्यूजमध्ये तळाशी बसवून वरच्या निवळीतील मोकळे द्रव्य मोजावे. समजा, सालीच्या अर्कातील वीस मिलिग्रॅम द्रव्य घातले आणि निवळीत आठ मिलिग्रॅम आढळले. तर बारा मिलिग्रॅम, म्हणजे साठ टक्के, कोंडले गेले. वाळविलेल्या कणांचे वजन शंभर मिलिग्रॅम भरले तर कणातील भरणा बारा टक्के. हे दोन आकडे वेगळे आहेत आणि जाहिरातीत बहुधा त्यांपैकी मोठा तेवढा छापला जातो.

विसर्ग मोजण्यासाठी कण अपोहन-पिशवीत बांधून ती ठराविक सामूच्या द्रावणात टांगतात आणि एक, दोन, चार, आठ, चोवीस, अठ्ठेचाळीस तासांनी बाहेरील द्रावणाचा नमुना घेतात. जेवढे काढले तेवढे ताजे द्रावण परत घालतात. आलेख काढला असता प्रायः दोन टप्पे दिसतात. प्रथम कणाच्या पृष्ठभागावर चिकटलेले द्रव्य एकदम सुटते. हा आरंभीचा लोंढा. नंतर कण फुगतो, पाणी आत जाते, आतील द्रव्य झिरपत बाहेर येते आणि साखळ्या झिजतात. लोंढा लहान आणि झिरप लांब, असा आलेख हवा. पहिल्या दोन तासांतच नव्वद टक्के बाहेर आले, तर ती कणांच्या रूपातील साधी फवारणीच होय.

येथे एक चूक वारंवार घडते. पिशवीचे आवरण स्वतःच द्रव्याला काही काळ अडवून धरते. सबब त्याच पिशवीत कणांविना मोकळे द्रव्य घालून तोही आलेख शेजारी काढला पाहिजे. दोन्ही आलेख एकमेकांवर बसले तर नियंत्रण कणांचे नव्हते, पिशवीचे होते. हा जोडआलेख नसलेला अहवाल कितीही देखणा असला तरी त्यावर विसंबू नये.

पाण्याचा प्रश्न

प्रयोगशाळेत सारे ऊर्ध्वपातित पाण्यात चालते. बागेतील फवारणीचे पाणी विहिरीचे किंवा विंधनविहिरीचे असते. दख्खनच्या काळ्या पाषाणातून येणारे हे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते आणि त्याचा सामू सातच्या वर असतो. कण एकमेकांपासून दूर राहतात ते त्यांच्या धनभारामुळे. जड पाण्यातील क्षार तो भार झाकतात, चढलेला सामू तो काढून घेतो. मग कण गोळा होतात, पंपाच्या तोटीत अडकतात किंवा पिंपाच्या तळाशी बसतात. बोर्डो मिश्रणात चुना असल्याने त्याच्याबरोबर हे कण मिसळणे म्हणजे त्यांचा साका करणेच होय. एका काचेच्या ग्लासात बागेचे पाणी घेऊन त्यात कणांचे द्रावण ठरलेल्या प्रमाणात मिसळावे आणि तासभर ठेवावे. तळाशी थर बसला तर पाण्याचा सामू सौम्य अम्लाने उतरविल्याखेरीज फवारणी करू नये. या चाचणीला खर्च नाही, आणि फवारणी वाया जाणे त्यामुळे टळते.

परिमाणाचाही प्रश्न आहे. समजा, हेक्टरी पाचशे लिटर द्रावण आणि त्यात ०.१ टक्का कायटोसान धरले, तर एका फवारणीला अर्धा किलो कायटोसान लागते. हे फार नाही. परंतु वर सांगितलेल्या कृतीत सत्तर मिलिलिटर द्रावण थेंबाथेंबाने होते. पाचशे लिटर तसे करता येणार नाहीत. तीव्र द्रावणापासून आरंभ केला तर कण मोठे व ओबडधोबड होतात. कण वाळवून भुकटी केली तर ती पाण्यात पुन्हा सुटी होईलच असे नाही. प्रयोगशाळा आणि कारखाना यांमधील ही दरी भरणे हे रसायन-अभियंत्याचे काम आहे, आणि संशोधनपत्रिकांत त्याविषयी मानाने थोडेच लिहिले जाते.

बागेतील परीक्षा

कायटोसान हे निव्वळ वाहन नाही, ही या विषयातील सर्वांत गुंतागुंतीची बाब होय. कायटोसानाचे तुकडे दिसले की झाडाला बुरशीचा हल्ला झाल्यासारखे वाटते आणि ते आपली प्रतिकारयंत्रणा जागी करते. १९८० च्या सुमारास अमेरिकेत वाटाण्याच्या शेंगांवरील प्रयोगांतून हे पुढे आले. युरोपीय संघाने २०१४ साली कायटोसान हायड्रोक्लोराइडला पीकसंरक्षणातील मूलभूत द्रव्य म्हणून मान्यता दिली ती याच गुणामुळे. मग ताम्रयुक्त कण फवारल्यावर रोग कमी झाला तर श्रेय तांब्याला, कायटोसानला की कणाच्या रचनेला? याचे उत्तर पाच ओळी लावल्याशिवाय मिळत नाही. एका ओळीवर नुसते पाणी, दुसरीवर तेवढेच मोकळे तांबे, तिसरीवर साधे विरघळलेले कायटोसान, चौथीवर रिकामे कण आणि पाचवीवर ताम्रयुक्त कण. अशा पाच ओळींचा संच बागेच्या निरनिराळ्या भागांत किमान तीन-चार वेळा यावा, मध्ये न फवारलेल्या आडओळी सोडाव्यात, आणि डाग मोजणाऱ्याला कोणत्या ओळीवर काय फवारले हे ठाऊक नसावे. पावसाची नोंद दररोज ठेवावी, कारण कणांचा दावाच पावसात टिकण्याचा आहे. कोरड्या हंगामातील यश त्या दाव्याचा पुरावा ठरत नाही.

सोलापूरचे यंत्रमागही या विषयापासून दूर नाहीत. कायटोसानचा धनभार सुती धाग्याला धरतो, त्यामुळे जिवाणूरोधक किंवा सुवासिक द्रव्याने भरलेले कण टॉवेलवर चढविण्याचे प्रयोग वस्त्ररसायनात ठिकठिकाणी झाले आहेत. तेथे पावसाची जागा धुलाई घेते, आणि साबणाचे अल्कली पाणी विंधनविहिरीच्या पाण्याहूनही कठोर परीक्षक आहे.

बाजारात ‘नॅनो’ ही अक्षरे छापलेल्या बाटल्या पुष्कळ दिसतात. रोगाचे नियंत्रण करते असा दावा असणाऱ्या कोणत्याही उत्पादनाला कीटकनाशक अधिनियम, १९६८ अन्वये नोंदणी आवश्यक आहे, आणि अब्जांश मापाच्या कृषिनिविष्टांच्या मूल्यमापनासाठी केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०२० साली मार्गदर्शक तत्त्वेही प्रसिद्ध केली आहेत. बाटली हाती आल्यावर नोंदणी क्रमांक पाहावा; विक्रेत्याकडे विसर्गाचा आलेख मागावा, त्याच्या शेजारचा मोकळ्या द्रव्याचा आलेखही मागावा; आणि पैसे देण्यापूर्वी आपल्या विहिरीच्या पाण्याचा एक ग्लास भरून पाहावा.